हरवलेली पायली आणि न्यूट्रिनो

माझं लग्न न्यूट्रिनोमुळे जमलं.

हसू नका. आज मास्तरांना, म्हणजे आमच्या ह्यांना, जाऊन वर्ष झालं, म्हणून सांगते.

तेव्हा न्यूट्रिनो नुकताच सापडला होता. हे मुरबाडच्या शाळेत सायन्स शिकवायचे. घाटावरचा माणूस, भातशेतीचा गंध नाही. मला बघायला किन्हवलीला आले ते नेमके झोडणीच्या दिवशी. पोहे राहिले बाजूला, बाबांनी पाहुण्याला भात मोजायलाच बसवलं.

खळ्यावर बाबांनी स्वतः पायलीच्या मापानं मोजलं होतं. लाभ, दोन, तीन... आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

घरी कणगीत ओतताना मास्तरांनी मोजलं.

एक पायली कमी.

बाबांनी हरीकडे पाहिलं. हरी आमचा जुना गडी, गाडी त्यानेच हाकत आणली होती. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

आणि ज्या पाहुण्याने त्या दिवशी फक्त गोड बोलायचं, तो मध्ये पडला.

म्हणाला, अणूच्या मोजमापातही अशीच एनर्जी कमी भरत होती. काही मोठे लोक म्हणाले, एनर्जी नाहीशी होत नाही हा नियमच खोटा असेल. एकाने मात्र सांगितलं, न दिसणारा कण ती घेऊन जात असेल. पाव शतक शोधलं, तेव्हा सापडला. तोच न्यूट्रिनो.

"माणसावर आळ घेण्याआधी, आपल्या नजरेतून काय सुटलं ते बघू या."

बाबांच्या कपाळाला आठ्या. "म्हंजे माजं भात कणानं नेलं?"

मला दाराआड राहवेना.

"बाबा, लाभाचं माप गावदेवीला गेलं ना. तुमीच काढून ठेवलंत."

दरवर्षी काढायचे आणि दरवर्षी मोजणीतही धरायचे. घरी परत मोजतंय कोण?

सगळ्यात आधी हरी हसला. मग बाबा. मास्तर दाराकडे बघून इतके खूश, जणू न्यूट्रिनो त्यांनीच पकडला.

संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "पोरगी यालाच देऊ. आमटीत मीठ कमी पडलं तरी हा भांडायचा नाय, शोधत बसंल."

अगदी तस्संच झालं. साठ-पासष्ट वर्षं.

अलीकडे म्युऑन नावाच्या कणाचं मोजमाप थिअरीशी जुळत नाही अशी बातमी आली, की मास्तर पेपर घेऊन स्वयंपाकघरात हजर. "नवा कण असेल गं." पुढे कुणी म्हणालं, नवा कण नाही, गणितच चुकलंय. त्याचाही ह्यांना तेवढाच आनंद.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मास्तरांनी विचारलं, "म्युऑनचं काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "अजून नक्की नाही."

"मग मजा आहे," म्हणाले आणि झोपले.

मास्तर, अजूनही नक्की नाही. मजेत राहा.