ना आजी, ना माजी

भिवंडीच्या आमच्या कॉलेजात मी तीन वर्षं शिकले आणि तिन्ही वर्षं गॅदरिंगच्या नाटकात हवालदार झाले, कारण मिशा लावायला मुलगेच लाजायचे. पुढे मी विमा एजंट झाले. दार उघडलं की समोरच्याचा चेहरा पडणार, हे दोन्ही भूमिकांत सारखंच, त्यामुळे मला कधी वेगळं वाटलं नाही.

दोन हजार सालानंतरची, लोडशेडिंगच्या ऐन भरातली गोष्ट. एका दुपारी कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. या बाई आम्हाला अर्थशास्त्र शिकवायच्या. तेव्हा त्या नव्या नव्या लागल्या होत्या आणि आम्ही त्यांना घाबरायचो. आता त्या प्राचार्या झाल्या होत्या आणि मी पन्नाशीकडे झुकले होते, तरी त्यांचा आवाज ऐकला की मी खुर्चीतून उठते.

"अगं, आपला माजी विद्यार्थी संघ आहे ना?"

"नाही, बाई."

"असं कसं? मी अहवालात आहे म्हणून लिहिलंय."

"मग आहे, बाई."

"हां. तर तो महिन्याभरात दिसायला लागला पाहिजे. कॉलेजला श्रेणी द्यायला समिती येतेय. माजी विद्यार्थ्यांशी कॉलेजचा संबंध किती जिवंत आहे, ते विचारतात म्हणे."

मी कामाला लागले. सगळे जुने मित्रमैत्रिणी भिवंडीतच, नाहीतर पडघ्यापासून अंजूरपर्यंत कुठे ना कुठे होते. फोन लावायचा तेवढाच प्रश्न. पण मी विमेवाली. नुसतं "हॅलो, ओळखलंस का?" म्हटलं की पलीकडून, "ताई, यांनी मागच्याच महिन्यात पॉलिसी घेतली." एकीनं तर स्वतःचाच आवाज बदलून "मॅडम घरात नाहीत" असं सांगितलं. ही माझ्याबरोबर नाटकात होती. तेव्हाही तिला आवाज बदलता येत नसे.

पहिल्या बैठकीला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तिघंच जमलो. मी, लूमवाला आणि गोदामवाला.

लूमवाल्याचे खोणीकडे पॉवरलूम. घरात उर्दू, धंद्यात हिंदी आणि भांडताना मराठी. कॉलेजात तो कायम कँटीनमध्ये असायचा आणि परीक्षेच्या आठवड्यात सगळ्यांच्या वह्या गोळा करून दर वर्षी दुसऱ्या वर्गात पास व्हायचा. कसा, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

गोदामवाला दापोड्याचा. आमच्या वेळी त्यांची भातशेती होती. आता तिथं रांगेनं गोदामं उभी आणि त्यांतली बरीच याची. गळ्यात जाड चेन, पायात साध्या चपला. कॉलेजचं काहीही अडलं की बाई आधी यालाच फोन करायच्या. वर्गातले पंखे यानं दिले होते, गच्चीवरची पाण्याची टाकी यानं बसवली होती, कबड्डीचा संघ सामन्यांना याच्याच टेंपोतून जायचा. आम्ही बाकीचे पास होऊन गेलो ते कॉलेजकडे फिरकलो नव्हतो.

बैठकीची सुरुवात नावावरून झाली. लूमवाला म्हणाला, "हे माजी काय आहे? आमच्यात माज़ी म्हणजे बीता हुआ ज़माना. गुज़रे हुए स्टूडेंट? मी अजून गुज़रलो नाही."

"आमच्याकडं माजी सरपंच बोर्डावर माजी लिवीतच न्हाय," गोदामवाला म्हणाला. "नुसता 'मा.' लिवतो. ज्याला माननीय वाचायचं त्यानं माननीय वाचावं. आपन पन 'मा. विद्यार्थी संघ' लिवू. फ्लेक्सचा खर्च कमी."

हे एकमतानं मंजूर झालं. मग मी नियम वाचायला घेतले. ठाण्यातल्या एका संघाचे नियम मी जसेच्या तसे उतरवून आणले होते. पहिलाच नियम होता, "या महाविद्यालयातून पदवी घेतलेली कोणतीही व्यक्ती सभासद होऊ शकेल."

गोदामवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"मंग मी न्हाय बसत यात," तो म्हणाला.

आमच्या लक्षातच राहिलं नव्हतं. हा दुसऱ्या वर्षाला नापास झाला होता. अर्थशास्त्रात. दोनदा बसला, दोन्ही वेळा विषय गेला आणि मग कॉलेज सोडून वडिलांबरोबर शेतावर गेला. त्याला नापास करणाऱ्या बाई म्हणजे याच आमच्या प्राचार्या. मागणीचा वक्र काढा, असा प्रश्न होता. पुस्तकात ती रेषा वरून खाली उतरते. भाव वाढला की गिऱ्हाईक कमी. यानं ती खालून वर चढवली होती. पुढे दापोड्याच्या जमिनीचा भाव जसजसा चढला तसतशी गिऱ्हाइकांची रांग वाढली. मागणी सगळ्या जगाची होती आणि पुरवठा याच्या बापाचा.

"अरे, तुला कोण विचारतंय?" मी म्हटलं. "मी लिहिते पदवीधर म्हणून. कोण तपासायला जातंय?"

"मी सांगनार न्हाय खोटं. बाईंनी पेपर तपासलाय माझा." तो उठून उभा राहिला. "मी शिकत न्हाय, म्हंजे आजी विद्यार्थी न्हाय. पास न्हाय, म्हंजे माजी बी न्हाय. मंग मी कोन? आत्या?"

लूमवाल्याच्या नाकात चहा गेला. गोदामवाला स्वतःही हसला, पण मग खिडकीकडे बघत राहिला. मला तेव्हा कळलं की याला हे मनापासून हवंय. याच्या मुलानं इंजिनिअरिंग केलं, मुलगी डॉक्टर झाली, घरात सगळ्यांच्या फोटोत काळी टोपी आणि गाऊन. याच्याकडे या इमारतीचा असा कागदाचा कपटाही नव्हता आणि त्याला या इमारतीतच मोजलं जायचं होतं.

मी बाईंकडे गेले. नियम थोडा सैल करूया, म्हटलं. बाईंनी चष्मा काढला. बाईंनी चष्मा काढला की समोरच्यानं बोलणं थांबवायचं, हे आम्ही पहिल्या वर्षालाच शिकलो होतो.

"त्याच्याइतका चांगला माणूस मला शोधून सापडणार नाही," त्या म्हणाल्या. "पण पास न होताही माजी विद्यार्थी होता येत असेल, तर मी निकाल कशाला लावते? समितीनं विचारलं तर काय सांगू?"

"त्याची रेषा बरोबर निघाली, बाई."

"दापोड्यात बरोबर असेल. पेपरात चूक होती."

बाईंचं खरं होतं.

मग मी मधला मार्ग काढायला निघाले. एजंटाकडे प्रत्येक माणसासाठी एक योजना असतेच. मी दापोड्याला जाऊन त्याच्या गोदामाच्या ऑफिसात बसले आणि एकेक योजना समोर ठेवली. विशेष निमंत्रित हो. सल्लागार हो. आश्रयदाता हो, फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो.

त्यानं शांतपणे ऐकलं. "ताय, विशेष निमंत्रित मी गावात पंधरा ठिकानी हाय. भंडाऱ्याला, क्रिकेटच्या मॅचला, पोरांच्या जिमला. लोकांना पैसं पायजेत पन मानूस नको असला का विशेष करतात. मना साधा सभासद व्हायचंय. सतरंजीवर बसनारा."

"बाई ऐकत नाहीत रे."

"त्यांनी कशाला ऐकायचं? नापास तर मीच झालतो." आणि त्यानं माझ्यासाठी लिंबूसरबत मागवलं.

समितीचा दिवस उजाडला. मी कशीबशी बारा-तेरा पदवीधर माणसं जमवली होती. त्यातल्या चौघांना मी सांगितलं होतं की तिथं मी पॉलिसीचा विषय काढला तर तुमचा पुढचा हप्ता मी भरेन. लूमवाला कोट घालून आला होता. कोट लग्नातला होता आणि पुढून मिटत नव्हता. फाटकावर फ्लेक्स लागला होता, "मा. विद्यार्थी संघ आपले स्वागत करीत आहे". समितीच्या अध्यक्षा नागपूरकडच्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी तो दोनदा वाचला आणि आमच्या प्राचार्यांना विचारलं, "विद्यार्थ्यांना माननीय म्हणता तुम्ही? फारच छान." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या जुन्या मिशा गळून पडल्या असत्या.

दिवसभर वीज नव्हती. पटांगणात कडेला जनरेटर धडधडत होता आणि त्याच्याजवळ, झाडाच्या सावलीत, गोदामवाला उभा होता. जनरेटर त्याचाच. त्याला आत बोलवलं नव्हतं, पण मशीन मध्येच बंद पडलं तर म्हणून तो स्वतः आला होता.

दुपारी आम्हा माजी लोकांना समितीसमोर बसवलं. अध्यक्षाबाई पंख्याखाली बसल्या होत्या. वर बघून म्हणाल्या, "हे पंखे संघाने दिले का?"

"एका मित्रानं दिले," मी म्हटलं.

"आणि पाण्याची टाकी?"

"त्याच मित्रानं."

"खेळाच्या संघाला प्रवासाची सोय कोण करतं?"

आता आम्ही सगळेच पायाकडे बघायला लागलो. "तोच," लूमवाला म्हणाला. "टेंपो त्याचाच आहे."

"मग तुम्ही लोक काय करता?"

असा प्रश्न हवालदारालासुद्धा कोणी विचारत नाही. मी म्हटलं, "आम्ही त्या मित्राच्या संपर्कात असतो."

अध्यक्षाबाई पहिल्यांदा हसल्या. "कुठे आहेत ते?"

"बाहेर. जनरेटरपाशी."

"आत का नाहीत?"

आमच्या बाईंनी चष्मा काढला. शेवटी लूमवाला उठला, कोटाची दोन टोकं हातानं जवळ ओढली आणि म्हणाला, "मॅडम, बात ऐसी है, वो अभी माज़ी नहीं हुए."

त्याला बोलावलं. तो चपला दाराबाहेर काढून आला, परीक्षेच्या हॉलमध्ये यायचा तसाच. अध्यक्षाबाईंनी विचारलं, "पदवी कुठल्या साली घेतलीत?"

"न्हाय घेतली. दुसऱ्या वर्षाला नापास. अर्थशास्त्र." त्यानं प्राचार्यांकडे हात केला. "या बाईंनी केला."

"राग नाही आला?"

"आला ना. वरीसभर कॉलेजच्या रस्त्यानं जात नव्हतो, फिरून जायचो. मंग लगीन झालं. बायकोचं माहेर याच रस्त्याला. रोज कुठं फिरून जानार?"

"आणि मग पंखे का दिले?"

त्यानं वर पंख्याकडे पाहिलं. "त्या पेपराला लय गरम होत होतं. हाताचा घाम पेपरावर. आमी काय लिवला, काय पुसला गेला, कळंना. आता पंखं लावलंत. आता कोन नापास झाला तर त्याला गरमीचं कारन सांगता येनार न्हाय."

समितीतले दोघे पुरुष खाली मान घालून लिहायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. अध्यक्षाबाई आमच्या बाईंकडे वळल्या. त्या नियम बदला असं काही म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुमच्या संघात यायला काय लागतं?"

बाईंनी माझ्याकडचा नियमांचा कागद मागितला. पेन घेतलं आणि 'पदवी घेतलेली' हे शब्द खोडले. वर लिहिलं, "शिकलेली".

गोदामवाला वाकून वाचत होता. "बाई, शिकलेला कुठं? शिकलो असतो तर पास न्हाय झालो असतो?"

बाईंनी 'शिकलेली' पण खोडलं. थोडा विचार केला. मग लिहिलं, "या महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली कोणतीही व्यक्ती".

"हां," तो म्हणाला. "बसलो तर मी हाय."

"पहिल्या बाकावर बसायचास," बाई म्हणाल्या. "तुला नापास करताना तेच तर मला लागलं होतं."



मी डोळे पुसायच्या तयारीत होते, कारण असा प्रसंग मी सोडत नाही, तेवढ्यात लूमवाल्याचा चेहरा उतरला. "बाई, ये तो गड़बड़ हो गई," तो म्हणाला. "डिग्री आहे माझ्याकडे. पण वर्गात मी कधी बसलोच नाही."

कँटीनची खिडकी वर्गाच्या भिंतीला लागून होती, या मुद्द्यावर त्याला सभासद करून घेतलं. श्रेणी मिळाली ती बरी मिळाली. बाई ती सगळ्यांना सांगायच्या, म्हणजे चांगलीच असणार.

खरी गंमत पुढे झाली. संघाच्या पुढच्या, एका वर्गात भरलेल्या बैठकीला गोदामवाला सगळ्यांच्या आधी येऊन बसला आणि त्यानं प्रत्येक ठरावाला विरोध केला. मेळावा रविवारी नको. व्यासपीठ एवढं उंच नको. बाईंच्या भाषणाला अर्धा तास कशाला. आजवर कॉलेजनं काहीही मागितलं की हो म्हणणारा हा माणूस, आता नाही म्हणून थांबेना.

मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. "अरे, तुला झालंय काय? पूर्वी किती गोड होतास."

"पूर्वी बाहेरचा होतो, ताय," तो म्हणाला. "बाहेरच्यानं भांडलेलं बरं दिसत न्हाय."

आणि आत जाऊन त्यानं पुन्हा हात वर केला. बाईंनी चष्मा काढला. तो मात्र बोलायचा थांबला नाही, तेव्हा बाईंनी खडू त्याच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "एवढं पटत नसेल तर फळ्यापाशी ये आणि सगळ्यांना समजावून सांग."

तो पँट वर ओढत, अगदी खुशीत, फळ्याकडे निघाला.