ऑफिसरने सगळं लिहून घेतलं

मंडळी, आज मी स्वतःच्याच लेकीचा घात केला.

सईचं पोलीस ट्रेनिंग इथलं शहर प्रशासन स्पॉन्सर करणार आहे. त्याआधीच्या चौकशीसाठी आज एक ऑफिसर आमच्या कॅल्गरीच्या घरी आला. म्हणाला, "मुलीबद्दल सांगा."

आता परक्यासमोर आपल्या पोरीचं कौतुक कोण करतं? मी सवयीने म्हटलं, "हट्टी आहे. रागीट आहे. कुणाचं म्हणून ऐकत नाही."

त्याने शब्द न् शब्द लिहून घेतला. मी सारवासारव करायला गेले, तर तीही लिहिली.

तो गेल्यावर सई म्हणाली, "आई, डिड यू डू दॅट ऑन पर्पज?"

तिने पोलीस होऊ नये म्हणून वर्षभर मीच देव पाण्यात ठेवून बसले होते. "नाही गं" असं घाईघाईने म्हणून टाकलं खरं.

सवयच होती ना ती?