फायरवॉलनं तीनदा विचारलं होतं

एका म्हातारीचा एकुलता एक हसरा फोटो माझ्याकडे सांभाळायला होता, आणि तो मी घालवला. चोर कॉम्प्युटरमधून आला. दार मी उघडलं.

पाथर्डीत आमचा फोटो स्टुडिओ खाली, संसार वर. इंटरनेटचा राउटर जिन्यात. त्यावर स्टुडिओचे दोन कॉम्प्युटर, घरातले फोन, टीव्ही आणि मी मोठ्या मनानं पासवर्ड दिलेले शेजारी.

ऊसतोडीला निघण्याआधी लोक फोटो काढून घेतात, पण नेत नाहीत. तिकडे फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, धुरानं, ओलीनं फोटोची वाट लागते. ‘आल्यावर नेतो’ म्हणतात. तोवर तो आमच्या कॉम्प्युटरमध्ये. त्या वर्षी एक तोडणीवाला आईला घेऊन आला. ती गावीच राहणार होती. मोबाईल पुढे केला की ती तोंडावर पदर घ्यायची, म्हणून खास स्टुडिओत आणलेली.

"भाऊ, आज हसतीय बगा. असाच घ्या."

घेतला.

त्याच सुमाराला नगरला सावेडीत राहणाऱ्या माझ्या मुलीनं फोनवर बजावलं, "बाबा, फायरवॉल टाका. वापरायला सोपा बघून घ्या." तिनं दोन सुचवले. एक मुकाट्यानं बाहेरचं सगळं अडवणारा, काही न विचारणारा. दुसरा दरवेळी विचारणारा : अमुक प्रोग्राम बाहेरच्याला आत घेऊ म्हणतोय, घेऊ का? हो किंवा नाही.

मी दुसरा घेतला. माझ्या घरात कोण येतं हे मला न विचारता कुणी ठरवावं, हे काही पटेना.

"बाबा, हो म्हणायचं की नाही, हे तुम्हाला कसं कळणार?"

"तीस वर्षं माणसांचे चेहरे बघतोय मी."

"तिथे चेहरा नसतो, बाबा."

पहिला आठवडा मी चष्मा लावून एकेक प्रश्न वाचला. कळत काहीच नव्हतं, पण वाचताना बरं वाटायचं. एकदा ‘नाही’ दाबलं तर प्रिंटर बंद पडला. मग लग्नसराई आली. अल्बम जोडायला बायको बसायची.

"अहो, हा परत विचारतोय."

"हो म्हण."

"कोण आहे ते तरी बघा."

"आपलंच काहीतरी असेल."

शेवटी मी स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली : ‘काही विचारल्यास हो दाबावे.’ अक्षर माझं सुरेख. बायको म्हणाली, "वॉचमन ठेवलात, आणि त्याला सांगितलंत की सगळ्यांना आत सोड." मी हसलो.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी एकही फोटो उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं, आणि स्क्रीनवर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. जादा प्रत ठेवायची हार्ड डिस्कही गेली. सारखी काढ-घाल नको म्हणून मी ती कायम जोडूनच ठेवली होती. नगरहून माणूस बोलावला. त्यानं फायरवॉलची नोंद दाखवली.

"काका, यानं तीनदा विचारलं होतं. तुम्ही तिन्ही वेळा हो म्हटलंय."

"हे खंडणी मागतात, ती दिली तर?"

"तरी भरवसा नाही."

लग्नांचे फोटो गिऱ्हाइकांकडे पोचले होते. गेले ते फक्त ‘आल्यावर नेतो’वाले.

म्हातारी मार्चमध्ये गेली. मुलगा दहाव्यासाठी फोटो न्यायला आला. मी म्हणालो, कॉम्प्युटर बिघडलाय. तो बाकावर बसला. "व्हऊ द्या नीट. थांबतो मी." तासभर बसला. मी उगाच कीबोर्ड पुसत राहिलो. शेवटी बायकोच म्हणाली, "दादा, फोटो गेला. आमच्या चुकीनं गेला."

तो ओरडला असता तर सोपं झालं असतं. त्यानं खिशातून आईचं आधार कार्ड काढलं. "ह्याच्यावरनं हुतंय का?"

बोटाच्या पेराएवढा काळपट चेहरा, डोळे घाबरलेले. मोठा केला तशी ती जास्तच घाबरलेली दिसू लागली. त्यानं प्रिंट दोन्ही हातांनी धरली.

"ही न्हाई तशी," तो म्हणाला. "तुमी तर बघितलं हुतं ना तिला हसताना?"

"हो," मी म्हणालो.

मला आठवत नव्हतं. त्या दिवशी मी उजेड बघत होतो.