तार नको म्हणून आलेला माणूस

इतकी वर्षं झाली, तरी ट्रंक घेऊन साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर उभा असलेला तो जवान डोळ्यांपुढून हलत नाही.

एकाहत्तरच्या लढाईनंतरचा काळ. मी तिथे फौजदार होतो. गावोगाव एक तोतया फौजी हिंडत होता. जवानाच्या घरी जाऊन सांगायचा, "मुलगा पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात आहे, आईला बोलावतोय." मग उपचाराच्या नावाखाली आईच्या अंगावरचं सोनं घेऊन पसार व्हायचा. आम्ही दवंडी पिटवली : अनोळखी फौजीला दारात उभं करू नका.

एके सकाळी स्टँडवरचा चहावाला धावत आला. "सायेब, एक फौजी कुणा म्हातारीच्या गावाची गाडी इचारतोय. पोराची खबर हाय म्हणं."

मी त्याला ठाण्यात आणलं. रजेचा कागद होता. तोतयाही तसाच कागद दाखवायचा.

"तार का नाही केली?"

"आवं सायेब, गावात तार आली की पोरगा मेलाच म्हणत्यात. दोस्त म्हणला, तार नको, तूच जा गड्या. पाय कापायच्या आधी आईला घिऊन ये."

नेमकी तोतयाची गोष्ट. मी थोबाडीत दिली. "लय पाठ केलंस रं!"

"मारा. पर त्या माउलीला तेवढं गाडीत बसवा."

स्टेशन डायरीत नोंद न करता मी त्याला दोन दिवस कोठडीत ठेवलं. हॉस्पिटलात ट्रंककॉल करणं माझ्या हातात होतं. केला नाही. मला खात्री होती.

तिसऱ्या दिवशी वाईहून निरोप आला : तोतयाने आदल्या दिवशी तिथे एका बाईला फसवलं. पुण्याच्या गाडीतच तो सापडला, कमरेला तिची बोरमाळ. छावणीबाहेर फौजींचे कपडे शिवणारा शिंपी. मापं देताना पोरं गावच्या, आईच्या गोष्टी सांगायची. हा ऐकून ठेवायचा.

"मी मागत न्हाई सायेब," पुढे साताऱ्याला आणल्यावर तोतया मला म्हणाला. "पोराचं नाव घेतलं की त्या आपणच काढून देत्यात."

फसणारा माणूस लोभी असतो, असं आम्ही धरून चालायचो. या बायांना कसला लोभ? आणि मी तर कोणाच्याच मायेला भुललो नव्हतो. तरी फसलो, माझ्या खात्रीने.

जवानाला जीपमध्ये घेऊन मी त्या गावी गेलो. म्हातारीने दार उघडलं नाही. "दवंडी ऐकलीया म्या. जा माघारी!" शेवटी फटीतून माझी वर्दी बघून तिने कडी काढली.

पुण्याला हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तिच्या मुलाचा पलंग रिकामा होता. पाय कापूनही विष अंगभर पसरलं होतं. आदल्या संध्याकाळपर्यंत तो दाराकडे बघत होता, असं नर्स म्हणाली.

म्हातारी पलंगाच्या कडेला बसली. मग तिने जवानाला विचारलं, "तू हितनं कवा निघालावतास रं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. गालावरचा काळवंडलेला वळ अजून दिसत होता.

"कालच, मावशी," तो म्हणाला.

खोटं बोलला तो, माझ्यासाठी. आणि मी, वर्दीतला माणूस, गप्प उभा राहिलो.