पिवळ्या रेघेच्या अलीकडं

मी फौजेतनं निवृत्त झालेला माणूस. राग नाकावर आणि पाय घाईचे. कोरेगावजवळ ऊस करतो. कुठं भांडण लागलं, कुठं कडब्याची गंज पेटली, विहिरीत जनावर पडलं, की आधी पळायचं आणि विचार मागनं करायचा, ही आमच्या घराचीच खोड. बायको म्हणते, "तुमचं डोकं पोचायच्या आधी तुमी पोचताय."

माझी पोरगी विमान चालवायला शिकते. जिल्ह्यातच एक छोटी धावपट्टी आहे, तिथं. ती पहिल्यांदा एकटी उडणार होती, त्या दिवशी तिच्या सरांनी मला आत यायची परवानगी काढून दिली. सर पोरसवदाच, पण शब्द तोलून बोलणारे. विमानं उभी असतात तिथनं एक डांबरी वाट धावपट्टीकडं जाते. पट्टीला मिळायच्या थोडं आधी त्या वाटेवर आडव्या पिवळ्या रेघा मारल्यात, दोन सलग आणि दोन तुटक. तिथं मला उभं करून सर म्हणाले, "काका, ही हद्द. परवानगीशिवाय विमान असो, गाडी असो, माणूस असो, कुणी पलीकडं जायचं नाही."

मी सीमेवर नोकरी केलेली. तिथं हद्दीला तार होती, खंदक होता, बंदुका घेऊन आम्ही होतो. इथं नुसता रंग. मोठमोठ्या विमानतळांवर शेकडो माणसं पोटात घेतलेली विमानंसुद्धा अशाच रेघेपाशी येऊन मुकाट थांबतात, असं सर म्हणाले. मी खाली वाकून त्या रंगावर हात फिरवून बघितला. मला लय नवल वाटलं. आमच्याकडं रेल्वेचं फाटक पडलं तरी गडी मोटरसायकल तिरकी करून खालनं काढतो.

सरांना खाली ठेवून पोरगी एकटी गेली. विमान जमिनीवरनं उचललं. जिला मी सायकलवरसुद्धा हात सोडू दिले नव्हते, ती आभाळात एकटी होती.

फेरी मारून ती उतरायला वळली, तेवढ्यात समोरच्या पडक्या कुंपणातनं मेंढरं आत शिरली. दुष्काळी माण तालुक्यातले मेंढके दिवाळीनंतर कळप घेऊन चाऱ्याला खाली येतात, त्यांची ती बापजाद्यांची वाट. धावपट्टी मागनं झाली. म्हातारा मेंढका खांद्यावर काठी टाकून निवांत पुढं चाललेला, मागनं सगळा कळप. एक मेंढरू गेलं की बाकीची काय थांबतात होय? बघता बघता पट्टी भरून गेली.

मी पाय उचलला, तसा सरांनी दंड धरला.

"माझी पोरगी हाय ती," मी ओरडलो.

"म्हणूनच थांबा, काका. पट्टीवर आधीच नको तेवढं आहे."

हात झिडकारून पळालो असतो तर त्या पोराला मी काही आवरलो नसतो. पण पायापुढं ती रेघ होती. मी थांबलो. गोळ्या चालू असताना पुढं गेलोय, पण असं उभं राहणं मला कधी जमलं नव्हतं.

विमान खाली येत होतं. सरांनी रेडिओ तोंडाशी नेला, आणि ते बोलायच्या आधीच इंजिनाचा आवाज चढला. पोरीनं उतरणं सोडून दिलं. विमानाचं नाक वर झालं आणि ती मेंढरांच्या वरनं पुन्हा आभाळात गेली. मी आ वासून बघत राहिलो. मेंढक्यानंही मान वर करून बघितलं आणि तो तसाच पुढं चालत राहिला.

रखवालदारानं जीप नेऊन कळप बाहेर काढला, पट्टी तपासली. तोवर ती वर घिरट्या घालत होती. मग अलगद उतरली, रेघ ओलांडून आमच्या बाजूला आली आणि इंजिन बंद केलं.

खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा घामानं डबडबलेला होता. मी म्हटलं, "भ्यालीस का गं?"

"व्हय," ती म्हणाली. "मेंढरं दिसली, तवा आधी तुमालाच शोधलं, पप्पा. म्हटलं, तुमी पळत सुटला असणार आता. तुमी रेघेच्या अलीकडं दिसला, मग माझं लक्ष विमानावर गेलं."