सटाण्याच्या लाल गाडीचा ताप

सातपूरला माझं गॅरेज आहे. तिथे येतात त्या गाड्या सरळ वळणाच्या: कारखान्यांचे टेम्पो, शेतकऱ्यांच्या पिकअप, नोकरदारांच्या छोट्या मोटारी. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी टोइंगवाल्याने लाल स्पोर्ट्स कार उतरवली, तेव्हा चहावाल्यासकट सगळी गल्ली गोळा झाली. दोनच सीट, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. मागोमाग पिकअपमधून मालक उतरले, सटाण्याचे कांद्याचे व्यापारी, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांची बायको.

"ताई, हिला वाचवा," साठीला आलेले भाऊ म्हणाले.

"वाचवू नका. मुंबईपर्यंत जाईल एवढीच करा," वहिनी म्हणाल्या. "उद्या तिथलं गिऱ्हाईक येतंय."

भाऊंनी आयुष्यभर ट्रॅक्टर आणि ट्रक चालवले आणि शेवटी हौसेने ही जुनी गाडी घेतली. पहिला महिना ती वाऱ्यासारखी पळाली. मग तापायला लागली. देवळ्यात तापली, चांदवडला तापली आणि नाशिकरोडच्या व्याह्यांच्या दारात तर वाफा सोडत उभी राहिली. विहीणबाईंनी वरून विचारलं, "चहा गाडीवरच ठेवू का?" ते वहिनींच्या मनाला लागलं. म्हणून भाऊंनी शब्द दिला होता: आज या गॅरेजमधून गाडी न तापता चालून आली तर ठेवायची, तापली तर उद्या विकायची.

मी पुढचं झाकण उघडलं. आत रिकामी डिकी.

"इंजिन गेलं कुठं?" चहावाल्याने विचारलं.

"मागं आहे," वहिनी म्हणाल्या. "डिकी पुढं, इंजिन मागं. सुनेला घेऊन बाजाराला जायचं तर सून टपावर!"

मी कामाला लागले. कूलंट भरपूर होतं. होस कुठे गळत नव्हता. पंखे फिरत होते. थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप आधीच्या मेकॅनिकने नवे टाकलेले. पाणी फिरतंय आणि तरी गार होत नाही, म्हणजे रेडिएटरला वारा लागत नाही. या गाडीत रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात, एसीच्या जाळीमागे. बाहेरून काही दिसत नाही. मी बंपर सोडवला, जाळी आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बोटं घातली आणि मूठभर झेंडू बाहेर काढला.

सुकलेला, दाबून बसलेला, गादीतल्या कापसासारखा. काढत गेले तसा येत गेला. मग काळा दोरा आला, मग वाळकं लिंबू, मग नारळाची शेंडी. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच. माझ्या पायाशी ढीग झाला.

"गाडीला हार कोण घालतं?" मी विचारलं.

भाऊंनी नुसतं वहिनींकडे पाहिलं.

"आमच्याकडे दर अमावास्येला गाड्यांची पूजा असते," वहिनी म्हणाल्या. "ट्रकची, पिकअपची, सगळ्यांची. हिलाच कशी वगळू?"

"आणि हार घालून गाडी पळवता?"

"मग? उतरवायचा नसतो, आपोआप गळतो."

ट्रकच्या उंच तोंडावरून तो रस्त्यावर गळतो. या गाडीचं तोंड जमिनीलगत आणि आत ओढणारे पंखे. गळलेली प्रत्येक पाकळी सरळ आत.

"तापायला लागली म्हणून मी हार मोठा केला," वहिनींचा आवाज बारीक झाला. "तरी तापली. म्हणून आणखी मोठा."

"केवढा?"

"लक्ष्मीपूजनाला ट्रकचाच घातला."

आधी चहावाला हसला. मग मी, मग भाऊ, आणि शेवटी वहिनी पिकअपला धरून पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मला पाना धरता येईना.

रेडिएटर पाण्याच्या हलक्या धारेने धुतले, बंपर चढवला. ट्रायलला भाऊ पुढे झाले.

"तुम्ही नाही," वहिनींनी अडवलं. "तुम्ही तापली तरी सांगायचे नाहीत. मी बसते."

मी मुद्दाम कारखान्यांची शिफ्ट सुटताना गाडी काढली. बस, मोटरसायकली, रिक्षा. गाडी मुंगीसारखी सरकत होती. तापायची तर इथेच तापणार. वहिनींनी तापमानाच्या काट्यावर अशी नजर लावली होती की दूधही उतू जायला घाबरलं असतं. काटा मधोमध चढला आणि तिथेच थांबला. पुढे त्र्यंबक रस्ता मोकळा मिळाला आणि मी पाय दाबला. मागच्या इंजिनाने पाठीत धक्का दिला. वहिनींनी दार धरलं, किंचाळल्या, आणि थेट अहिराणीत आणखी वेग मागू लागल्या: "आखो! आखो जोरमा!"

मीही ओरडत होते. का, ते विचारू नका.

परतलो तेव्हा भाऊ फाटकातच उभे होते. "तापली?"

वहिनी उतरल्याच नाहीत. विस्कटलेले केस सावरत त्यांनी पट्टा घट्ट केला. "गिऱ्हाइकाला फोन करा. येऊ नको म्हणावं."

भाऊंनी फोन केला तो जवळजवळ नाचतच. मग मी बजावलं: हार घालायचा तर उभ्या गाडीला, निघताना काढून डिकीत ठेवायचा. वहिनींनी मान डोलावली. पिकअप माझ्या शटरसमोर आडवी सोडून भाऊ स्टिअरिंगवर बसले.

"सटाण्याला निघू या," ते म्हणाले.

"सटाणा कुठं पळतंय?" वहिनी म्हणाल्या. "आधी नाशिकरोडला घ्या, व्याह्यांकडे. आणि दारात गेल्यावर हॉर्न वाजवा."