मागं बघणारं कबूतर

निरोप पोचवणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण दिलेल्या निरोपाची पोच हातात आल्याशिवाय घास न गिळणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा फौजेत निरोप पोचवणाऱ्या सिग्नल युनिटात हवालदार होते. निवृत्त होऊन भिंगारला घरी आले, त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ड्युटी काही सुटलेली नाही. आम्ही रविवारी जेवायला येतोय एवढं फोनवर सांगावं, तर पलीकडून सगळं परत म्हणून दाखवणार: "ऐतवार, दुपार, मानसं चार, मटन. बराबर?" आपण 'बरोबर' म्हटलं की "पोच मिळाली" म्हणून फोन बंद. लग्नाची पत्रिका वाटायला गेले तर दारातच यजमानांकडून ती मोठ्यानं वाचून घेतात. एकदा शेजाऱ्यांनी घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या नव्या म्हशीनं मामींचा कोथिंबिरीचा वाफा फस्त केला. मामी रागाच्या भरात म्हणाल्या, "सांगा त्यांना, जनावराला न्हाई तर न्हाई, मालकाला तरी अक्कल असावी!" मामांनी जाऊन हे शब्दाला शब्द सांगितलं, वर उत्तरासाठी अंगणात ताठ उभे राहिले आणि मिळालेलं उत्तरही तसंच्या तसं घरी आणलं. दोन्ही घरांतल्या बायका पुढं दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "मामा, जरा सौम्य करून सांगायचं." तर म्हणाले, "निरोपात पदरचं काय घालायचं न्हाई, आन त्यातलं काय काढायचं न्हाई."

बैठकीच्या खोलीत काचेत लावलेला युनिटचा बिल्ला आहे. निळ्या कापडावर पांढरं कबूतर, चोचीत वीज, आणि मान वळवून बघतंय मागं. घरात येणाऱ्याला चहाच्या आधी या बिल्ल्याचा इतिहास मिळतो. युनिट इथंच भिंगारला उभं राहिलं, कुठं कुठं तारा ओढल्या, कोणत्या नाल्यात कोण पडलं, सगळं. कबूतर मागं का बघतं, हे युनिटात नव्या भरतीला पहिल्याच दिवशी शिकवतात: मागची तार जिवंत आहे का ते बघूनच सिग्नलवाल्यानं पुढं पाऊल टाकायचं. हे मी इतक्यांदा ऐकलंय की भरती न होताच मला पाठ आहे.

गेल्या वर्षी युनिटच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिकेसाठी मामांकडे आठवणी मागणारं पत्र आलं. वाटलं, आता दोन खंड तरी होणार. पण झालं उलटंच. मामा कागद फाडत बसायला लागले. आठवड्याभरानं मामींचा फोन आला, "जावईबापू, चार दिस झाले, ह्यांनी कुनाला पोच मागितली न्हाई. दवाखान्यात न्यावं का?"

मी गेलो. मामांनी बिल्ल्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "हे बिल्ले आमच्या दादांनी शिवले."

त्यांचे वडील, दादा, भिंगारच्या बाजारात शिंपी होते एवढं मला ठाऊक होतं. नव्या युनिटच्या बिल्ल्यांचं काम त्यांच्याकडे आलं. धड एका पातळ कागदावर आणि मान दुसऱ्यावर, असं काढलेलं चित्र कापडावर उतरवायचं होतं. घाईत मानेचा कागद पालथा पडला आणि पुढं बघणारी सगळी कबुतरं मागं बघायला लागली. दुसऱ्या सकाळी परेड, उसवायला वेळ नव्हता. तेच बिल्ले चढले, आणि पुढं कुणीतरी त्यांना अर्थही लावला. दादांनी मात्र धसका घेतला. युनिटचा जवान दुकानावरून गेला की ते मशीनवर मान खाली घालायचे.

"दादा जाताना मला म्हनले, साहेबाला सांग, कबूतर माज्या हातनं उलटं झालं. मी तवा त्याच युनिटात हुतो. साहेब रोज समोर. पर पोरं त्या कबुतरावर लई जीव टाकत्यात वो. कसं सांगू, माज्या बापानं कागद उलटा ठेवला म्हनून?"

"मग राहू द्या की मामा. आता कोण विचारतंय?"

"निरोप हाय त्यो," मामा म्हणाले. मला माझीच लाज वाटली.

शेवटी मामांनी चारच ओळी लिहिल्या, दादांच्या नावासकट, आणि रजिस्टर पोस्टानं धाडल्या. पोस्टमन गल्लीत दिसला की ते फाटकात जायचे. जेवण निम्म्यावर आलं. युनिटनं रागावून बिल्लाच बदलला तर, या धास्तीनं मामींनाही झोप लागेना.

दीड महिन्यानं पाकीट आलं. पुस्तिकेत त्या चार ओळी जशाच्या तशा छापल्या होत्या. सोबत नवा कोरा बिल्ला होता, त्यावरचं कबूतर अजून मागंच बघत होतं. आणि युनिटच्या आत्ताच्या साहेबांची चिठ्ठी: 'निरोप मिळाला. कबूतर असंच राहील. शिवणाऱ्या हातांना युनिटचा सलाम.'

मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग आतल्या खोलीत दादांच्या फोटोसमोर जाऊन ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, "दादा, निरोप दिला. पोच आली."

मामींनी जेवायला हाक मारली. मामा हलले नाहीत. शेजाऱ्यांच्या अंगणात उभे राहिले होते तसेच ताठ, फोटोसमोर उभे होते, उत्तराची वाट बघत.